मेलेलं पात्र आणि रिकामा बसलेला खेळाडू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका पालकांचं पत्र वाचलं. मे महिन्याच्या सुट्टीत भावंडं गावच्या घरी जमली, मुंबईहून आलेल्या मोठ्या दादानं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ मांडलं, दुसऱ्या तासाला बारा वर्षांच्या धाकट्याचं पात्र मेलं आणि पुढचे दोन तास तो झोपाळ्यावर बसून राहिला. रात्री जेवलाही नाही. ‘मरणाचे खेळ मुलांना हवेत कशाला?’ असा पत्राचा सूर होता.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात असे खेळ चालवणारे आम्ही चौघं हे उत्तर मिळून लिहितोय. तक्रार रास्त आहे, निदान चुकलंय. त्या पत्रातली मेख दोन-तीन शब्दांत होती: पुढचे दोन तास. कबड्डीत गडी बाद होऊन बाहेर बसतो, पण आपल्या चढाईवाल्यानं समोरचा एक टिपला की परत आत येतो. नियमातच तशी सोय आहे, म्हणून कबड्डीत बाद झालेलं पोर जेवण टाकत नाही. फाशांच्या या खेळात ती सोय खेळ चालवणाऱ्यानं करायची असते. नव्या माणसाकडून ती राहते, कारण पात्र कसं मरतं याचे नियम तो पाठ करून येतो आणि पात्र मेल्यावर खेळाडूनं काय करायचं याचा विचार पहिलं प्रेत पडेपर्यंत करत नाही.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: चार-पाच खेळाडू, प्रत्येकाचं एक पात्र, त्या पात्राची कुंडली एका कागदावर. एक जण डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, खेळ चालवणारा. तो जग सांगतो, राक्षसांपासून चहावाल्यापर्यंत बाकी सगळ्यांची कामं करतो. जिथे निकाल अनिश्चित, तिथे वीस बाजूंचा फासा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला, तेव्हापासून पात्र मरण्याचा प्रश्न त्याच्यासोबत आहे. पात्राचा दम मोजायचा आकडा म्हणजे एचपी. सुरुवातीच्या नियमांत एचपी शून्य झाले की पात्र संपलं. आज जास्त खेळली जाते ती पाचवी आवृत्ती (२०१४, सुधारित २०२४). तिच्यात शून्यावर पात्र बेशुद्ध पडतं आणि आपल्या प्रत्येक पाळीला एक ‘डेथ सेव्ह’ टाकतं. वीसपैलू फाशावर १० किंवा जास्त पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशं झाली की जीव तगला, तीन अपयशं झाली की गेला. १ पडला तर दोन अपयशं एकदम. २० पडला तर १ एचपी घेऊन पात्र उठून बसतं.

हे ऐकायला दयाळू वाटतं. जरा आकडे मांडून पाहा. कुणी मदतीला आलंच नाही तर अशा पात्राच्या मरणाची शक्यता शेकडा साधारण ४०. आधीच एक अपयश खात्यात असेल तर ५८. दोन असतील तर ७९. आता यात डीएमचा हात कुठे लागतो ते बघा. बेशुद्ध पात्रावर पाच फुटांच्या आतून केलेला वार लागला, तर तो आपोआप क्रिटिकल (एरवी फाशावर २० पडल्यावर बसणारा जबर घाव) धरतात आणि पडलेल्या पात्राला क्रिटिकल म्हणजे दोन अपयशं. एका पाळीत दोन वार करणारा प्राणी पडलेल्या पात्राकडे वळला आणि दोन्ही वार लागले, तर खेळाडूला एकही फासा टाकायला न मिळता पात्र मेलं. झोपाळ्यावर जाऊन बसणाऱ्या मुलांपैकी बरीच याच वाटेनं जातात: फासा त्यांच्या हातातच आलेला नसतो.

दुसरी खाच पहिल्या लेव्हलची, म्हणजे पात्राच्या अनुभवाच्या पहिल्या पायरीची. नियम असा की वारानं एचपी शून्यावर आणूनही जे नुकसान उरतं, ते पात्राच्या पूर्ण एचपीइतकं किंवा जास्त असेल तर डेथ सेव्ह नाहीत, जागच्या जागी मरण. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे, पूर्ण एचपी समजा ७, लढाईत घसरून ३ राहिलेत. २०१४ च्या पुस्तकातला गॉब्लिन नावाचा बुटका राक्षस एरवी सहापैलू फासा अधिक २ इतकं नुकसान करतो. क्रिटिकलला फासे दोन होतात. दोन फाशांवर मिळून ८ पडले की नुकसान १०. तीन गेले एचपी शून्य करण्यात, सात उरले, पूर्ण एचपी सात. संपला. दोन फाशांवर ८ किंवा वर पडण्याची शक्यता ३६ पैकी १५. म्हणजे त्या क्षणी गॉब्लिनचा क्रिटिकल आला, तर पाचातल्या दोन वेळा पोरगं काही बोलायच्या आत मेलेलं असतं. म्हणून आम्ही पहिल्या दोन लेव्हलपर्यंत जागच्या जागी मरणाचा नियम बंद ठेवतो आणि हे आधी सांगतो. तिसऱ्या लेव्हलपासून तो चालू, कारण तोवर एचपी वीसच्या आसपास गेलेले असतात आणि गॉब्लिनचा एक वार तिथवर पोचत नाही.

मदतीची सोयही तिथेच असते, फक्त कुणी विकत घेतलेली नसते. हीलर्स किट, म्हणजे मलमपट्टीची पिशवी, खेळातल्या पाच सोन्याच्या नाण्यांना मिळतं, दहा वेळा वापरता येतं, आणि पडलेल्या सोबत्याचा जीव तगवायला त्यात फासा टाकावा लागत नाही. किट नसेल तर मेडिसिनचा, म्हणजे वैद्यकीच्या कौशल्याचा, फासा; १० किंवा जास्त व्हायला हवेत. पहिल्या गावातल्या बाजारात डीएमनं दुकानदाराच्या तोंडून ‘हे न्या’ असं एकदा म्हणावं, आणि पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत, दोघांकडे तरी किट असावं. ज्याच्याकडे किट आहे तोच पहिल्यांदा पडला, की एका किटची किंमत कळते.

पडलेल्यांवर कोण वार करतं हेही पहिल्या लढाईआधी ठरवून सांगावं. आमचा ठोकताळा असा: जनावर पडलेल्याला ओढत नेतं, म्हणजे सोबत्यांना पाठलागाची संधी मिळते, गॉब्लिन किंवा चाचे अंगावर धावून येणाऱ्याकडे वळतात, पडलेल्याला सोडून देतात, सुपारी घेऊन आलेला मारेकरी मात्र जीव घेऊनच जातो. तो मारेकरी आहे हे खेळाडूंना आधी कळलेलं असलं पाहिजे, प्रेतावरून कळता कामा नये.

इथे किनाऱ्यावरची एक गंमत. आपल्याकडचे डीएम गोष्ट लगेच गलबतावर नाहीतर खाडीत नेतात (का नेऊ नये?), आणि पाण्यात पडला की मेला असं धरून चालतात. नियम तसं म्हणत नाहीत. कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, बोनस २ असलेलं पात्र तीन मिनिटं श्वास रोखू शकतं. एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे तीस फेऱ्या. लढाई साधारण चार-पाच फेऱ्यांत संपते. २०१४ च्या नियमांत दम संपल्यावरही आणखी दोन फेऱ्या मिळतात, मग एचपी शून्य, आणि डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत ना किट चालतं ना हीलिंग. तेव्हा लढाईत बुडण्याची भीती घालायची असेल तर ती पाण्याच्या खोलीनं जमत नाही, वेळेनं जमते. समुद्राकाठच्या गुहेत भरती लागली आहे असं सांगा, कागदावर सहा चौकोन काढा, दर फेरीला एक भरा, आणि तिसऱ्या चौकोनाला पाणी छातीला, सहाव्याला गुहेचं तोंड बंद, हे तोंडानं म्हणा. ओहोटी लागायला सहा तास. आत अडकणाऱ्याला तीन मिनिटांचा श्वास पुरणार नाही, हा हिशेब खेळाडू स्वतःच करतो. धोका असा मोजता आला की त्यानंतरचं मरण त्याला अन्याय वाटत नाही.

याच पाण्याची दुसरी बाजू जास्त नाजूक आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी एक बैठक फक्त बोलण्याची असते. खेळणारे तिला सेशन झिरो म्हणतात. तीत तीन गोष्टी कागदावर उतरवायच्या. पात्रं मरू शकतात का: कधीही, फक्त मोठ्या प्रसंगात, की खेळाडूच्या परवानगीनंच. मेलेलं परत येऊ शकतं का, आणि कशाच्या बदल्यात. आणि कुठल्या प्रकारचं मरण या टेबलावर नको. तिसरा प्रश्न शहरातले लोक बऱ्याचदा आठ पायांचे कोळी आणि साप यांवर संपवतात. आपल्याकडे तसं चालत नाही. ज्या घरातली होडी एकदा परत आली नाही, त्या घरातला मुलगा टेबलावर असू शकतो. जून २०२० चं निसर्ग वादळ, मे २०२१ चं तौक्ते, त्याच जुलैमधला चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड यांतून गेलेली माणसं तर प्रत्येक टेबलावर सापडतील. म्हणून हा प्रश्न सगळ्यांदेखत विचारू नये. गावात कुणाचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच कुणी तोंड उघडत नाही. चिठ्ठ्या वाटाव्यात, नाव न लिहिता घ्याव्यात. ‘बुडणं नको’ अशी चिठ्ठी आली तर त्या मोहिमेत कुणी बुडत नाही, चर्चा नाही. ‘चालेल, पण वर्णन नको’ असं असेल तर ते पडद्याआड होतं. शिवाय टेबलाच्या मधोमध पत्त्याएवढ्या कागदावर फुली मारून ठेवावी. कुणीही बोट लावलं की प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. ही फुलीची पद्धत २०१३ पासून जगभर टेबलांवर वापरात आहे. तिला लागणारा खर्च म्हणजे एक कागद.

आता वादाचा मुद्दा. पात्र मरणार असं दिसलं की डीएम आडोशामागे टाकलेला फासा खोटा सांगतो: आले होते १९, सांगितले ८. सहृदयतेपोटीच करतात. आमच्यापैकी तिघांना हे अजिबात मान्य नाही. कारण नीतीचं नाही, व्यवहाराचं आहे. खेळाडू मोजत असतात. एचपी भरपूर असताना वार लागतात आणि दोन-तीन उरले की सगळे हुकतात, हे तिसऱ्या सेशनपर्यंत सातवीतल्या पोरालाही कळतं. मग मरणाची भीती जाते, आणि तिच्याबरोबर जिंकण्याची गोडीही. एकदा ही शंका आली की खरोखर हुकलेला वारही खोटा वाटतो. चौथीचं म्हणणं, पहिल्याच सेशनमध्ये, लहान मुलांसाठी, एकदा खोटं बोलायला हरकत नाही. आम्ही तिला इतकंच विचारतो की त्यापेक्षा पहिल्या सेशनमध्ये मरण नाही असं आधीच सांगितलं तर काय बिघडतं? ती अजून विचार करतेय.

खोटं बोलायची पाळी येऊ नये म्हणून बोलायची वेळ पुढे ओढावी. जीवघेणा फासा टाकण्याआधी डीएमनं मोठ्यानं म्हणावं: ‘हा लागला तर तुझे एचपी शून्य. पुढची पाळी तुझी नाही, त्याची आहे. अजून काही करायचंय?’ मग फासा सगळ्यांसमोर, टेबलाच्या मधोमध, कानाकोपऱ्यात गेला तर परत. इतकं केलं की मरण डीएमनं दिलं असं कुणाला वाटत नाही.

तरी मरणं सगळी सारखी नसतात, आणि उपायही सारखा नसतो. खेळाडूनं जाणून घेतलेला धोका, म्हणजे दार लावून घेऊन मी एकटा थांबतो म्हणणारा, त्याला त्याचं मरण पूर्ण द्यावं. त्याला वाचवणं हा अपमान आहे. २०२५ मध्ये आलेल्या ‘डॅगरहार्ट’मध्ये यासाठी छान नियम आहे: शेवटचा घाव बसला की खेळाडू हवं तर गाजून मरणं निवडतो, एक शेवटची कृती करतो, ती हमखास आणि जोरदार यशस्वी होते, आणि मग पात्र जातं. आम्ही तो उचलून डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये लावलाय. नशिबानं आलेलं मरण, उंदीर मारताना आलेला क्रिटिकल, तिथे खेळाडूला विचारावं: मरण हवं की जखम? आणि डीएमच्या चुकीचं मरण, नियम विसरला, भिंत आहे हे सांगायचं राहिलं, तिथे लगेच कान पकडून दोन पाळ्या मागे जावं. लगेच म्हणजे त्याच मिनिटाला. पुढच्या आठवड्यात ‘तू मेलाच नव्हतास’ म्हटलं तर ज्यांनी त्या प्रेतासाठी आपले मंत्र खर्च केले ते चिडतात.

जखम देताना एक जपावं. स्ट्रेंथ (ताकदीचा आकडा) कायमची २ नं कमी, अशी आकड्यातली जखम देऊ नये. ती दर फेरीला टोचत राहते, पात्र इतरांच्या मागे पडतं आणि दोन सेशनमध्ये खेळाडूच त्याला कड्यावरून ढकलायला निघतो. गोष्टीतली जखम द्यावी: आजोबांची तलवार पाण्यात गेली; चाच्यांच्या नाखव्यानं जीव वाचवला, आता त्याचं एक काम करावं लागेल; आवाज गेला, अमावास्येपर्यंत खुणांनी बोलायचं. मुलांना ही तिसरी फार आवडते.

आणि आता ती दहा मिनिटं, ज्यांच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

तिसरं अपयश पडलं. डीएमनं हातातली पेन्सिल खाली ठेवावी. लढाई तशीच राहू दे, पुढच्या पाळीचं नाव घेऊ नये. पहिला प्रश्न त्या खेळाडूला, आणि तो एकच: ‘तुझं पात्र कसं पडतं ते तू सांगतोस की मी सांगू?’ बहुतेक जण स्वतः सांगतात. शेवटचं वाक्य बोलायचं असेल तर तीन अपयशांनंतरही बोलू द्यावं. नियमात बसत नाही, बसवावं. कागद डीएमनं ओढून घेऊ नये, फाडायला तर मुळीच लावू नये. काही टेबलांवर ती मर्दुमकी समजतात. कागदावर तारीख घालून खेळाडूनंच तो घडी करून ठेवावा. मग पाच मिनिटं सगळ्यांनी उठावं, पाणी प्यावं, पडवीत यावं. ही पाच मिनिटं घड्याळ लावून द्यावी, कारण ती न दिल्यास मुलं टेबलावरच ‘तूच पुढे गेलास, तुझीच चूक’ सुरू करतात.

परत बसल्यावर त्या खेळाडूच्या हातात दुसरा कागद असलाच पाहिजे. रिकामा नाही, भरलेला. कुठलाही. चाच्यांचा मुख्य, ज्याच्याशी लढाई चालू आहे. त्याचे एचपी, त्याचे दोन वार, आणि त्याला काय हवंय याची एक ओळ. आत्ताच ज्याचं पात्र मेलं त्याला खलनायक द्यायला डीएम कचरतात, सूड घेईल म्हणून. घेतोच. टेबल त्यानं रंगतं, आणि तो झोपाळ्यावर जाऊन बसत नाही. खलनायक नको असेल तर किल्ल्यावरचा पहारेकरी, तरीचा नावाडी, सोबतचा हमाल. अशी तीन कार्डं आधी लिहून पुस्तकात घालून ठेवायला वीस मिनिटं लागतात, आणि एवढी एक तयारी केली असती तर ते पालकांचं पत्र आलं नसतं.

नवं पात्र त्याच संध्याकाळी आत यावं, शक्यतो अर्ध्या तासात. त्यासाठी प्रत्येकानं सेशन झिरोलाच दुसरं पात्र अर्धं भरून ठेवावं: नाव, वर्ग (योद्धा की जादूगार), आणि पार्टीतल्या एकाशी असलेलं नातं. लेव्हल पार्टीइतकीच, खालच्या लेव्हलपासून सुरुवात करायला लावणं म्हणजे मेल्याबद्दल दंड, आणि त्याचे एचपी कमी असल्यानं तोच पुन्हा पहिला मरतो. आत कसं यायचं याला फार डोकं लावू नये. तळघरात बांधलेला कैदी हा जुना मार्ग आहे आणि अजून चालतो.

या ठिकाणी हमखास बिघडणारी एक गोष्ट सामानाची. मेलेल्याचा जादूचा भाला, चिलखत, नाणी सोबती वाटून घेतात, आणि नवं पात्र आपलं सामान घेऊन येतं. दोन मरणांत पार्टीची मालमत्ता बेसुमार फुगते, लढाया सोप्या होतात, मग डीएम राक्षस वाढवतो, मग आणखी मरणं. उपाय साधा: एक वस्तू आठवण म्हणून एका सोबत्याला, बाकी सगळं घरच्यांना पाठवायचं, आणि नवं पात्र साधं सामान घेऊन येणार. घरी सामान पोचवणं हीच पुढची एक छोटी मोहीम होते, आणि मेलेल्या पात्राची आई कोण होती हे टेबलाला पहिल्यांदा कळतं.

पुन्हा जिवंत करण्याबद्दल थोडक्यात, कारण पाचव्या लेव्हलला क्लेरिकच्या, म्हणजे देवाच्या शक्तीनं मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याच्या, हाती रिव्हिव्हिफाय हा मंत्र येतो आणि मरणाचा भाव पडतो. एका मिनिटाच्या आत, म्हणजे दहा फेऱ्यांत, ३०० नाण्यांचे हिरे खर्चून पात्र १ एचपीवर परत. नवव्या लेव्हलला रेझ डेड: दहा दिवसांपर्यंतचं प्रेत, ५०० नाण्यांचा हिरा, तासाभराचा विधी, परत आलेल्याला सगळ्या फाशांवर ४ वजा, दर मुक्कामाच्या झोपेनंतर एकेक भरून येतो. मरण महाग ठेवायचं असेल तर मंत्र बंद करू नका, क्लेरिकच्या खेळाडूनं तो मिळवलाय. हिरे मोजून ठेवा. अख्ख्या बंदरात दोनच, एक सावकाराकडे आणि एक कुणाच्या तरी मुकुटात. आणि दोन्ही मंत्रांना प्रेत हाताशी लागतं, हे समुद्रावर निघण्याआधी सांगा. चिलखतासकट गलबतावरून गेलेल्याचं प्रेत मिळत नाही, ही गोष्ट तो चिलखत घालून डोलकाठीवर चढल्यावर सांगायची नसते.

कोकणातल्या टेबलांची आणखी एक अडचण शहरातल्यांना नसते. अर्धी पार्टी चाकरमानी. गणपतीत खेळ जमतो, नंतर एकदम शिमग्याला, मग मे महिन्यात. म्हणून सेशनच्या शेवटी कुणाला दोन अपयशांवर लटकत ठेवू नये. आठवड्यानं भेटणाऱ्यांना ती उत्कंठा वाटते. सहा महिन्यांनी भेटणाऱ्याला आपण कशावरून पडलो होतो हेसुद्धा आठवत नाही. लटकलेला जीव त्याच रात्री, परतीची गाडी पकडायच्या आधी, फासे टाकून मोकळा करावा. आणि जो शिमग्याला येणार नाही त्याचं पात्र त्याच्या गैरहजेरीत मारू नये. ते गावी गेलं, आजारी आहे, होडी दुरुस्त करतंय, काहीही.

सगळी पार्टी एकदम मरते तेव्हा कारण बहुधा एकच असतं: पळता येतं हे कुणाला सुचलेलं नसतं. नियमांत पळणाऱ्याच्या पाठीवर वार बसू शकतो, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो आणि सगळे मरतात. आमचा नियम असा की सगळ्यांनी मिळून ‘पळा’ म्हटलं तर लढाई तिथेच थांबते, पाठलाग सुरू होतो आणि पार्टी एक मौल्यवान वस्तू गमावून सुटते. हा नियम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावावा.

पालकांच्या मूळ प्रश्नाकडे यायचं तर, मरणाचीच मजा घेणाऱ्यांसाठी वेगळे खेळही आहेत. ‘पॅरानोया’मध्ये (१९८४) प्रत्येकाला पात्राच्या सहा प्रती मिळतात, एक मेली की दुसरी हजर, तिथे मरण विनोदाला आहे. ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) तर पात्र तयार होत असतानाच मरू शकायचं. ‘टेन कँडल्स’ दहा पणत्यांएवढ्या मेणबत्त्यांच्या उजेडात खेळतात. शेवटची विझली की सगळी पात्रं मरतात, हे पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना माहीत असतं. मेणबत्ती कशानंही विझली तरी प्रसंग संपतो, म्हणून जुलैत पडवीत हा खेळ मांडू नये, वाऱ्यानं पाऊण तासात सगळे गारद.

शेवट माहीत असला तर मजा कसली, असं कुणी विचारेल. दशावतारात संकासुर विष्णूच्या हातून मरणार हे जत्रेला आलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी ते जागं राहतं, कारण मरायच्या आधी संकासुर काय बोलेल हे कुणालाच ठाऊक नसतं. नाटकातले संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतो. आणि राक्षस होऊन पडलेला नट पडद्यामागे जाऊन झोपाळ्यावर बसत नाही. रंग पुसतो, दुसरा मुकुट चढवतो आणि बाहेर येतो.

त्या घरात गणपतीला दादा येईलच. धाकट्याचा जुना कागद कुणी टाकला नसेल अशी आशा आहे. दादानं खेळ मांडताना पहिला प्रसंग त्या मेलेल्या पात्राच्या घरापासून काढावा: सोबती त्याची पिशवी घेऊन दारात उभे आहेत आणि दार उघडतो त्याचा भाऊ. भावाचं पात्र धाकट्यानं घ्यावं. पिशवीत हीलर्स किट असावं, दहाच्या दहा वेळा वापरायचं शिल्लक.

आपले,
फासे टाकणारे चौघे
रत्नागिरी व सिंधुदुर्ग